जित्त्याला मेला म्हणायचं नाही

पहिल्या दिवशी मी ऑफिसचा जिना चढत होते, तेव्हा वरून एक खणखणीत आवाज आला. "गंगाधर मेला. विमलआक्का जित्ती हाय. सोपानचं मला काही खरं दिसत न्हाई."

मी जिन्यातच थांबले. पुण्यातली नोकरी सोडून आई-बाबांजवळ राहायला म्हणून मी जालन्याला परत आले होते. खाली बियाण्यांचं दुकान, वर आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, पाच-सहा टेबलं आणि पाण्याची टाकी असलेली गच्ची. रुजू व्हायच्या दिवशीच कुणावर तरी दुःखाचा प्रसंग आलेला; आत जावं की उद्या यावं, असा विचार करत मी उभी होते. तेवढ्यात खालून दुकानदार म्हणाला, "जा ना वर, ताई. त्यांचं रोजचंच हाय. रोज दोन-चार जातेत."

वर पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ स्क्रीनसमोर उभे होते. पांढरा शर्ट नीट खोचलेला, पायांत रबरी चप्पल, आणि शर्टाच्या खिशात भाजलेल्या शेंगा. शेंग फोडायची, दाणे तोंडात टाकायचे, टरफलं पँटीच्या खिशात ठेवायची आणि पुढचं नाव घ्यायचं, असं त्यांचं चाललं होतं. हे आमचे सर.

त्यांनी कुठल्या शाळा-कॉलेजात कधी शिकवलं नव्हतं. तरी सगळे त्यांना सरच म्हणत. ऑफिसचे मालक वयानं त्यांच्याहून बरेच लहान, परदेशात राहून आलेले. तेही सर म्हणत. सर त्यांना 'मालक' म्हणत, ते मालकांना आवडत नसे. आष्टीला, सरांच्या गावी, त्यांचं नाव 'इंजिनीअर' होतं. तिथं कुणाची मोटर जळाली, फॅन अडकला की लोक त्यांच्याकडे यायचे. सरांना त्यातलं काही येत नसे. पण ते नाही म्हणत नसत. मोटरीपाशी बसून मोटरवाल्याला इतके प्रश्न विचारत, की तो कंटाळून मोटर परतूरला घेऊन जाई.

आता ही मरामरी काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही कंपायलर बनवत होतो. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळतील अशा बारीक बारीक हुकमांत बदलून देतो, तो कंपायलर. चिपच्या पोटात मोजके कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. आमच्या चिपला सोळा होते. सगळी आकडेमोड त्या सोळांतच भागवायची, म्हणून एका आकड्याचं काम संपलं की त्याच कप्प्यात लगेच दुसरा ठेवायचा. पण काम संपलं हे कळणार कसं? तर त्या हुकमापाशी खूण करायची, की हा आकडा इथं शेवटचा वापरला, यापुढे तो मेला. ज्याला पुढं कुणीतरी विचारणार आहे, तो जिवंत. एवढीच विद्या. घोळ पुढं होतो. त्या हुकमांवरून एकामागून एक फेऱ्या जातात. फेरी म्हणजे आमच्यापैकी कुणीतरी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम, आणि प्रत्येक फेरी मूळ प्रोग्रॅम जोरात पळावा म्हणून काहीतरी इकडचं तिकडं करते. हुकूम हलतात, खुणा मात्र जुन्याच जागी राहतात. मग खूण खोटं बोलायला लागते. प्रत्येक फेरीनंतर या खुणा खऱ्या राहतील हे बघणं, हे सरांचं काम होतं, आणि मला त्यांच्या हाताखाली घेतलं होतं.

कप्प्यांना चिपवाल्यांनी नुसते नंबर दिले होते. सरांना नंबर आवडत नसत. "नंबर मेला तर कुनाला काय वाटतं?" ते म्हणायचे. "नाव घ्या. मंग बघा कसं ध्यान लागतं." म्हणून त्यांनी सोळा कप्प्यांना आपल्या भावकीतली सोळा नावं दिली होती. गंगाधर त्यांचे थोरले भाऊ, विमलआक्का चुलती, सोपान चुलतभाऊ. सगळी हयात आणि धडधाकट माणसं. नावं देताना स्वभावसुद्धा बघितले होते. ज्या कप्प्यात आकडा बराच वेळ अडकून पडतो, त्याचं नाव विमलआक्का. कारण, सर सांगायचे, "आक्का एकदा घरी आली की दिवाळी झाल्याबिगर जात न्हाई."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, चार शेंगा दिल्या आणि म्हणाले, "माय, एकच सांगतो. मेलेल्याला जित्ता समजलीस तर काय होईल? जागा अडंल. प्रोग्रॅम जरासा हळू चालंल. कुनी मरनार न्हाई. पन जित्त्याला मेला समजलीस, तर त्याच्या उरावर दुसरा जाऊन बसतो. मंग सत्यानाश. म्हून शंका आली तर काय म्हनायचं?"

"जिवंत," मी म्हटलं.

"बराबर. जित्त्याला मेला म्हनायचं न्हाई. बाकी तू काई बी कर."

त्यांच्यासमोर 'बहुतेक' हा शब्द चालत नसे. मी एकदा म्हणाले, "सर, बहुतेक इथं गंगाधर रिकामा आहे." त्यांनी पंख्याकडे बघत विचारलं, "बहुतेक म्हंजे कोन? तू सांगून राह्यली का पंखा सांगून राह्यला?" तेव्हापासून ऑफिसात कुणी 'बहुतेक' म्हणालं की बाकीचे पंख्याकडे बघत.

आणि ते सगळं शेवटून वाचत. कुठला आकडा जिवंत हे शोधायचं तर प्रोग्रॅमच्या शेवटाकडून मागं मागं यावं लागतं. पुढं कुणी विचारणार आहे का हे आधी बघायचं, मग मागं काय लिहिलंय ते. ही सवय त्यांच्या अंगात अशी मुरली होती, की ते वर्तमानपत्र शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू करत. लग्नपत्रिका आली की आधी 'आहेर आणू नये' वाचत आणि मगच लग्न कुणाचं ते बघत. मीटिंगला येऊन बसले की पहिला प्रश्न, "शेवटी काय ठरलं?" मालक म्हणायचे, "सर, अजून सुरू व्हायचीय." "मंग ठरवून टाका ना जल्दी. काय ठरवायचं ते कळलं, की काय बोलायचं ते कळंल."

एकदा चहाच्या टपरीवर मला हे समजावून सांगायला ते स्वतःच प्रोग्रॅम झाले आणि रस्त्यावरून उलटे चालायला लागले. "इथं सोपान लागनार... म्हंजे इथं जित्ता... इथं बी जित्ता..." असं म्हणत म्हणत मागं जाता जाता मोसंबीच्या हातगाडीवर बसले. गाडीवाला ओरडला. सर त्याला म्हणाले, "तुझं बराबर हाय. तू आधीपासून इथं होतास, हे मला मागून येताना कळायला पाहिजे होतं." आणि फुटलेली मोसंबी सगळ्यांना वाटून टाकली.

सोपानचं प्रकरण मात्र गाजलं. सर सुटीला आष्टीला गेले होते. इकडे मी लिहिलेल्या फेरीत घोळ झाला म्हणून मी फोन केला. सर त्या वेळी आठवडी बाजारात भाजी घेत होते. बाजारात गलबला, म्हणून ते मोठ्यानं बोलत होते. मोठ्यानं म्हणजे सरांच्या मानानं मोठ्यानं.

"अगं माय, सोपान कवाच मेला! काय?... न्हाई, न्हाई, मी सोता बघितलं ना! तुम्ही त्याला जित्ता धरून कामून बसले? काढा त्याला तिथून जल्दी. आन् त्याच्या जागी दुसरा बसवा!"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि मेथीची जुडी घेऊन घरी जाऊन झोपले. त्यांच्या शेजारी गवार निवडत उभे असलेले भावकीतले एक गृहस्थ मात्र गवार तिथंच टाकून निघाले. सरांचा सोपान म्हणजे कोण, हे त्यांना माहीत होतं. खरा सोपान त्या दिवशी परतूरला मोटरीचं काम करून घ्यायला गेला होता आणि त्याच्या फोनची बॅटरी उतरली होती. तासाभरात त्याच्या दारात माणसं जमली. बायकोनं हंबरडा फोडला. कुणीतरी पिंपळगाव रेणुकाईला त्याच्या बहिणीकडे फोन केला. ती जीपभर माणसं घेऊन निघाली.

पुढचं मला खुद्द सोपानरावांनी सांगितलं. कारण दोन दिवसांनी ते आमच्या ऑफिसात आले. दांडगा माणूस, खांद्यावर उपरणं. सर जागेवर नव्हते. गच्चीवर जाऊन बसले होते, ते खाली यायला तयार नव्हते.

"मी गाडीवरून घरी आलो," सोपानराव म्हणाले, "तं दारात ही गर्दी. मला वाटलं, आमची म्हातारी गेली. मी गाडी तशीच टाकली आन् रडतच आत घुसलो. 'कोन गेलं, कोन गेलं' मी इचारून राह्यलो, आन् कुनी बोलायलाच तयार न्हाई! सगळे माझ्याच तोंडाकडं बघतेत. एक म्हातारं तं उठून पळालं."

"मग?"

"मंग काय. बहीन आली. तिनं आधी मिठी मारली आन् मंग पाठीत धपाटा घातला, फोन कामून बंद ठेवला म्हून. आता मला तो दाखवा."

"कोण?"

"जो मेला तो. आमचा इंजिनीअर म्हन्तो, दुसरा सोपान हाय. मला बघायचाय."

मी त्यांना माझ्या स्क्रीनवर हुकमांची रांग दाखवली. एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी उपरण्यानं चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"एवढासा?"

"हो."

"आन् हा मेला की मंग?"

"मग त्यात दुसरा आकडा ठेवतात. तोही थोड्या वेळानं मरतो. असं एका सेकंदात लाखो वेळा होतं."

"आन् कुनी रडत न्हाई?"

"नाही."

सोपानराव उठले. मग गच्चीच्या जिन्याखाली उभे राहून वर ओरडले, "ये इंजिनीअर! मी काई तुला मारनार न्हाई. पन माझं नाव काढ तिथून. मरायचं आसंल तं तू मर!"

सरांना हे पटलं. त्यांनी त्याच दिवशी सोपानचं नाव काढून तिथं 'सर' असं नाव घातलं. त्यामुळे पुढं कित्येक महिने, पाहुण्यांसमोर, चिपवाल्या कंपनीबरोबरच्या फोनवर, आम्ही सगळे अत्यंत गंभीरपणे बोलायचो. "सर तिसऱ्या ओळीतच मेले." "सरांना उगाच जिवंत ठेवलंय." मालकांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्यांना ठसका लागला. सर शेजारीच बसून मान डोलावत होते. "बराबर हाय. काढा मला."

सरांच्या डोक्यातून ही विद्या कुठंही बाहेर पडायची. त्यांच्या पुतणीचं, म्हणजे गंगाधररावांच्या मुलीचं लग्न कुंभार पिंपळगावला होतं. ऑफिसातले आम्ही सगळे गेलो. गेल्या लग्नात भांडी कमी पडली होती म्हणून सरांनी स्वयंपाकाच्या मांडवाचा ताबा घेतला होता. खिशात शेंगांऐवजी खडू. आचाऱ्याला त्यांनी आधीच पढवलं होतं. "कोनतं भांडं कवा रिकामं होनार ते मला ठाऊक हाय. मी त्याच्यावर फुली मारून ठेवतो. पहिलं वाढप झालं, की फुलीचं भांडं बेधडक वापरायला घ्यायचं. आत बघत बसायचं न्हाई, टाईम जातो."

बेत असा होता, की पहिल्या वाढपात शिरा संपणार आणि त्याच डेगीत मग मठ्ठा करायचा. डेगीवर सरांनी स्वतःच्या हातानं ठसठशीत फुली मारली. सगळं व्यवस्थित होतं. पण ऐन वेळी नवरीचे मामा म्हणाले, "आधी वरण-भात वाढा, गोड मागून." वाढपी तसे वाढायला लागले. हे आचाऱ्याला कुणी सांगितलं नाही. पहिलं वाढप झालेलं त्यानं बघितलं, फुली बघितली, डेगीवरचं झाकण एका हातानं उचललं आणि दुसऱ्या हातानं ताकाचा अख्खा कॅन आत ओतला. त्याच्या माणसानं दुसरा ओतला. तिसऱ्या कॅनला डेग काठोकाठ भरली, तेव्हा त्यानं आत डोकावलं.

"आरं देवा!"

मांडवात एकच धावाधाव. सर सगळ्यांच्या पुढं. त्यांनी डेगीत वाकून बघितलं. ताकावर काजू-बेदाणे तरंगत होते. मला वाटलं, आता हे डोक्याला हात लावून बसतील. पण सरांचा चेहरा असा उजळला, जसं काही नवरदेवाची गाडीच दारात आली.

"माय! ये, ये, जल्दी ये! हेच ते! मी मारली तेव्हा फुली खरी होती, बघ! बिलकुल खरी होती! कुनी खोटी केली? मामानं! क्रम बदलला आन् फुली तिथंच राह्यली. तू रोज विचारते ना, खूण आपोआप कशी बिघडते म्हून? हे बघ. अशी बिघडते!"

मी बघितलं. खरं सांगायचं तर, तोवर मला तो सगळा मामला पुस्तकात वाचल्यासारखा कळला होता. त्या दिवशी तो ताकात तरंगताना दिसला, तो कायमचा.

मागे गंगाधरराव येऊन उभे राहिले होते. मुलीचं लग्न, अंगावर नवं कोरं धोतर, आणि समोर शिऱ्याचा मठ्ठा. ते शांतपणे म्हणाले, "इंजिनीअर, तुला खुशी कशाची झाली, ते एकदा मला सांग."

सरांना तेव्हा कुठं लग्नाची आठवण झाली. ते खाली मान घालून उभे राहिले. शेवटी कुंभार पिंपळगावच्या सगळ्या हॉटेलांतली जिलेबी गोळा करून पंगत निभावली. डेगीतलं कुणाला द्यायचं नाही असं ठरलं होतं, पण एका वाढप्यानं चुकून एका ओळीला ते वाढलंच. एक आजोबा दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, "कढी गोड हाय, पन झाक झालीय."

ऑफिसात या मठ्ठ्याचा एक परिणाम झाला. परत आल्यावर सरांनी एक पहारेकरी प्रोग्रॅम लिहायला घेतला. प्रत्येक फेरी संपली की त्यानं शेवटून सुरुवातीपर्यंत चालत यायचं, प्रत्येक खूण खरी की खोटी ते बघायचं, आणि एकही खोटी सापडली तर सगळं काम जागीच थांबवायचं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं पोलीस पाटील.

पोलीस पाटलानं आमचं जगणं मुश्कील केलं. आधी जे काम चहा पिऊन येईपर्यंत व्हायचं, त्याला आता जेवण होईपर्यंत वेळ लागायला लागला, आणि निम्म्या वेळा तर ते मधेच थांबायचं. मालकांनी दोनदा सांगितलं, "सर, तो बंद करा." सर म्हणायचे, "मालक, ते मशीन पास होऊ द्या. मंग तुमच्या हातानं बंद करा."

ते मशीन म्हणजे आमच्या ऑफिसच्या जिवावरचं काम होतं. आमची चिप जिच्यात बसणार होती ती बियाणं निवडायची यंत्रणा गावाबाहेर एका कारखान्यात लावली होती. वरून सोयाबीनची धार पडते, कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि डागी दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. हे पास झालं तर चिपवाल्यांचं पुढचं काम आम्हाला मिळणार होतं. नाही झालं तर ऑफिस बंद करायचं मालकांनी सांगून ठेवलं होतं, आणि मग आम्ही सगळे नोकरी शोधायला पुण्याला. माझी बॅग तर आईनं मनातल्या मनात भरायलाही घेतली होती.

आणि मशीन चुकत होतं. बराच वेळ झकास चालायचं, मग अधूनमधून चांगले टपोरे दाणे डागींच्या पोत्यात. सर तिथं पोत्यापाशी उकिडवे बसले, एक सोन्यासारखा दाणा तळहातावर घेतला आणि म्हणाले, "याचा काय गुन्हा होता?"

मग माझ्यावर संक्रांत आली. सरांची खात्री झाली, की चूक माझ्या फेरीत आहे. मी नवी, माझी फेरी नवी. त्यांनी माझी एकेक ओळ शेवटून वाचली. परत वाचली. काही सापडलं नाही की ते हळहळायचे. "आसंल. लपलंय. सापडंल." जेवताना, चहा पिताना, जिन्यात, सारखं तेच. आठवडाभर मी सहन केलं. मग एके दिवशी दुपारी माझा तोल गेला.

"सर, पोलीस पाटील माझ्या फेरीनंतर जातो. सगळ्यांच्या फेरीनंतर जातो. कुठंच काही सापडत नाही. एकच घर राहिलंय, तिथं तो जात नाही."

"कोनतं?"

"तुमचं."

अगदी शेवटाकडे एक फेरी होती, तिचं नाव सरकवणी. एखादा हुकूम नुसताच वाट बघत थांबलेला असला, की त्या मोकळ्या वेळात दुसरा हुकूम सरकवून द्यायचा. ती सरांनी ऑफिस सुरू झालं तेव्हा, आधीच्या चिपसाठी लिहिली होती. सगळ्या कंपायलरमध्ये फक्त तिच्याच डोक्यावर सरांचं पूर्ण नाव होतं. ती नव्या माणसाला ते स्वतः दाखवत, आणि दाखवताना शेंगा खात नसत.

"तिथं कशाला जायचं?" सर म्हणाले. "ते मी केलेलं हाय."

मी फक्त पंख्याकडे बघितलं. मग बाकीच्यांनीही बघितलं.

सर हळूच उठले, आपल्या जागेवर गेले आणि पोलीस पाटलाला आपल्या घराचा पत्ता दिला. आम्ही सगळे त्यांच्या मागं जाऊन उभे. काम सुरू झालं. माझी फेरी गेली, इतरांच्या गेल्या. सरकवणी झाली आणि पोलीस पाटील जागीच थांबला. स्क्रीनवर तांबडी ओळ. सरकवणीनं एक हुकूम उचलून खुणेच्या पलीकडे नेऊन ठेवला होता. त्या हुकमाला कप्प्यातला आकडा हवा होता, पण खूण तर आधीच सांगून बसली होती, की तो मेला. तिच्यामागून एक बारकी फेरी रिकामा कप्पा शोधत यायची. ती खुणेवर विश्वास ठेवायची आणि त्याच कप्प्यात आपलं सामान टाकायची. एकदा ते टाकलं की वरवर सगळं नीट दिसायचं. म्हणून तिच्यानंतर पोलीस पाटील येऊनही त्याला काही कळत नव्हतं.

"मठ्ठा," कुणीतरी पुटपुटलं.

सरांनी ती ओळ शेवटून एकदा वाचली. मग मालकांच्या टेबलापाशी गेले. "मालक, चूक सापडली."

"वा! कुणाची?"

"माझी."

मालक म्हणाले, "ठीक आहे सर, होतं असं. दुरुस्त करून टाका तुम्ही."

"न्हाई. दुरुस्त ही करील." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आन् दुरुस्त न्हाई करायची. काढून टाकायची. मी बसलो तं तिला वाचवायला बघीन. एक ठिगळ लावीन, मंग दुसरं लावीन. ही न्हाई वाचवनार. हिला माझा राग आलाय."

माझा राग कधीच उतरला होता. पण मी बसले. सर माझ्या मागं, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, "सर, काढू?"

"विचारू नको ना, माय."

मी काढली. पोलीस पाटील सगळीकडे फिरून निमूट परत आला. आम्ही नवा प्रोग्रॅम कारखान्यावर पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथून फोन आला, की सकाळपासून मशीन जोरात चालू आहे आणि डागींच्या पोत्यात एकही चांगला दाणा नाही. मालकांनी टेबलावर मूठ आपटली. मी आईला फोन केला.

सर खुर्चीवर बसून होते. सगळ्यांचा आनंद जरा ओसरल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात, डॉक्टरला विचारावं तसं विचारलं, "किती हळू झालं गं?"

हे मी आधीच मोजलं होतं आणि सांगायचं टाळत होते. "सर..."

"सांग. मी मन घट्ट केलंय. वेग किती गेला?"

"काहीच नाही."

"काहीच न्हाई म्हंजे?"

"म्हणजे फरकच पडला नाही, सर. जुन्या चिपमध्ये हुकमांना थांबावं लागायचं. ही चिप, मी यायच्या कितीतरी वर्षं आधी आलेली, थांबतच नाही. सरकवायला तिथं मोकळा वेळच राहिलेला नाही. मी चार-पाचदा मोजलं."

मला वाटलं, आता सरांच्या डोळ्यांत पाणी येणार. आलंही. पण आधी पोट हललं, मग खांदे, आणि मग ते असे हसायला लागले की खाली बियाण्यांच्या दुकानातून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. "मंग इतके वर्षं," त्यांना धड बोलता येईना, "इतके वर्षं... ते तिथं... करून काय राह्यलं होतं?" आम्ही सगळेच हसायला लागलो. मालकसुद्धा. सर टेबलाला धरून उभे राहिले, रुमालानं डोळे पुसले, परत हसले, परत पुसले. शेवटच्या वेळी त्यांनी रुमाल डोळ्यांवर जरा जास्तच वेळ धरला. आम्ही आपापल्या जागेवर गेलो.

थोड्या वेळानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. सर खुर्ची घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले होते. डोळे अजून लाल, पण चेहऱ्यावर भलताच उत्साह. शर्टाच्या खिशातून त्यांनी मूठभर शेंगा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

"सरक जराशी," ते म्हणाले. "आता तुझी फेरी काढून बघू."